'इन कॅमेरा' सुनावणीत कॅमेरा का नसतो?

प्रश्न असा आहे: न्यायालयाची 'इन कॅमेरा' सुनावणी म्हणजे चित्रीकरण करून घेतलेली सुनावणी का? इटलीत भाड्याच्या खोल्यांच्या पाट्यांवर 'कामेरा' लिहिलेलं दिसतं, ते कसं? हिंदीतला 'कमरा' याच शब्दापासून आला का? आणि आपली 'कंबर'सुद्धा याच कुळातली आहे का?

आधी थोडक्यात उत्तर देतो. 'इन कॅमेरा' म्हणजे लॅटिनमध्ये 'खोलीत', म्हणजेच न्यायाधीशांच्या खाजगी दालनात, लोकांना आणि पत्रकारांना प्रवेश न देता. चित्रीकरणाशी त्याचा संबंध नाही. 'कमरा' पोर्तुगीजांकडून आला असं कोशकार सामान्यतः मानतात. कंबर मात्र फारसीतून आली. तिचं या कुळाशी नातं आहे की नाही, हे सिद्ध झालेलं नाही. पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इटालियन कागदपत्रांचे अनुवाद करताना 'कामेरा' या शब्दाशी माझी सतत गाठ पडते. रोमान्स भाषांमध्ये, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांमध्ये, इतकी वळणं घेतलेले शब्द थोडे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळ शब्द ग्रीक आहे, 'कमारा'. त्याचा अर्थ खोली नव्हता. वरून गोलाकार, कमानीसारखं आच्छादन असलेली कोणतीही गोष्ट म्हणजे कमारा. बाबिलोनचं वर्णन करताना ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने श्रीमंत स्त्रियांच्या आच्छादित गाड्यांना हाच शब्द वापरला आहे. काळ्या समुद्रावरचे चाचे ज्या होड्या वापरत, त्यांनाही 'कमारा' म्हणत. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. 69 मधल्या एका बंडाच्या हकिगतीत त्या होड्यांचं वर्णन केलं आहे: लाटा उसळू लागल्या की लोक दोन्ही बाजूंना फळ्या चढवत जायचे, आणि शेवटी त्या फळ्या डोक्यावर छपरासारख्या जुळायच्या. गाडी काय, होडी काय, समान गोष्ट एकच, डोक्यावरचं वाकलेलं छत.

लॅटिनने हा शब्द 'कामेरा' किंवा 'कामारा' अशा दोन्ही रूपांत घेतला आणि बांधकामात रुजवला. व्हिट्रुव्हियसच्या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सातव्या खंडात कामेरा कशी करावी याची कृतीच दिली आहे. दोन फुटांपेक्षा जास्त अंतर न ठेवता लाकडी पट्ट्या लावायच्या, त्या शक्यतो सुरूच्या असाव्यात, त्यांना खालून बोरू बांधायचे आणि मग चुन्याचा गिलावा करायचा. ही कृती छताची आहे. खोलीचा तिथे विषय नाही. रोमन इतिहासकार सॅलस्टने रोममधल्या तुल्यानुम या तुरुंगाबद्दल लिहिलं आहे की चारही बाजूंनी भिंती आणि वर दगडी कमानींनी जोडलेली 'कामेरा' आहे. रोमची सत्ता उलथवू पाहणाऱ्या कॅटिलाइनच्या कटातले लोक इ.स.पू. 63 मध्ये तिथेच गळा आवळून मारले गेले. त्या वाक्यातही कामेरा म्हणजे माथ्यावरचं छतच.

मग खोली कशी झाली? छताचं नाव छताखालच्या जागेला मिळालं. ही अर्थाची सरक जगातल्या बहुतेक भाषांत होते. आपण 'चूल वेगळी झाली' म्हणतो तेव्हा घर वेगळं झालं असाच अर्थ असतो. उत्तरकालीन लॅटिनमध्ये कामेरा म्हणजे खोली हे पक्कं झालं, आणि पुढे खोलीचं नाव खोलीत ठेवलेल्या वस्तूंना व बसलेल्या माणसांनाही लागलं. राजाच्या खोलीत खजिना, म्हणून कामेरा म्हणजे खजिना. पोपच्या तिजोरीचा कारभार पाहणारं कार्यालय 2022 पर्यंत अपॉस्टॉलिक कॅमेरा या नावाने ओळखलं जायचं, आणि त्या परंपरेतला अधिकारी म्हणजे 'कामेरलेंगो'. 21 एप्रिल 2025 ला पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची घोषणा कार्डिनल केव्हिन फॅरेल यांनी केली, ती कामेरलेंगो या नात्याने. सल्लागार खोलीत बसले, म्हणून कामेरा म्हणजे सभागृह. इटलीच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह 'कामेरा देइ देपुताती' आहे. 2022 पासून त्यात 400 सदस्य आहेत, त्याआधी 630 होते.

आता ध्वनीकडे येतो, कारण मराठी वाचकाला सगळ्यात जवळचा भाग हाच आहे. लॅटिन 'कामेरा'चं फ्रेंचमध्ये 'शांब्र' झालं. दोन्ही शब्द शेजारी ठेवले तर नातं पटत नाही, पण बदल अगदी नियमाने झाले आहेत. पहिला बदल असा की लॅटिनमधला 'का' फ्रेंचमध्ये आधी 'चा' आणि नंतर 'शा' झाला. 'कांतारे', म्हणजे गाणे, याचं 'शांते' झालं, घोड्यासाठीच्या 'काबाल्लुस'चं 'शव्हाल' झालं. इंग्रजांनी फ्रेंचमधून हा शब्द घेतला तेव्हा तिथे उच्चार अजून 'च' होता, म्हणून आपल्याकडे इंग्रजीमार्फत 'चेंबर' आलं, 'शेंबर' आलं नाही. 'चीफ' आणि 'शेफ' ही जोडीही अशीच आहे. फ्रेंच शब्द एकच, इंग्रजीत तो दोन वेगवेगळ्या काळात गेला, म्हणून एकात 'च' टिकला आणि दुसऱ्यात 'श' आला.

दुसरा बदल म्हणजे मधल्या 'ब'चा. 'कामेरा'तला मधला आघातहीन स्वर गळाला, 'काम्रा' उरलं आणि म व र एकमेकांना भिडले. 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकावाटे जाते. पुढच्या 'र'कडे जाताना ओठ उघडण्याआधी नाकाची वाट क्षणभर लवकर बंद झाली, की मध्ये 'ब' ऐकू येतो. तो कोणी ठरवून घातलेला नसतो. फ्रेंचमध्ये 'नुमेरुस'चं असंच 'नोंब्र' झालं, म्हणजे संख्या. स्पॅनिशमध्ये 'होमिनेम'चं 'ओंब्रे' झालं, म्हणजे पुरुष.

हीच क्रिया आपल्या भाषेत झालेली आहे. संस्कृत 'आम्र'चं प्राकृतात 'अंब' झालं आणि मराठीत 'आंबा'. 'ताम्र'चं 'तंब' आणि मग 'तांबे'. आपल्याकडे 'ब' शिरल्यावर 'र' गळून गेला, फ्रेंचने दोन्ही ठेवले, एवढाच फरक. आणि फारसी 'कमर' मराठीत आली तिची 'कंबर' झाली, तिथे तर आपणही 'ब' आणि 'र' दोन्ही ठेवले. हिंदीने 'कमर' तशीच ठेवली. वर्गात रोमान्स भाषांचा इतिहास शिकवताना मी आधी आंबा आणि तांबे फळ्यावर लिहितो, कारण मराठी विद्यार्थ्याला हा नियम पाठ करावा लागत नाही, तो त्याच्या तोंडातच आहे.

काटालान भाषेत याची सुंदर जोडी मिळते. तिथे खोलीला 'कांब्रा' म्हणतात, हा लोकांच्या तोंडून घासत आलेला 'ब'वाला शब्द. फोटोच्या कॅमेऱ्याला म्हणतात 'कामेरा', हा पुस्तकी वाटेने नंतर आलेला. रोमानियनमध्ये 'कमारा'सारखं एक जुनं रूप आहे, त्याचा अर्थ धान्य आणि बरण्या ठेवायची कोठीची खोली, आणि दुसरं नवं रूप 'कामेरा', साधी खोली. बास्क ही रोमान्स भाषा नव्हे, पण तिने शेजारच्या लॅटिनकडून 'गानबारा' घेतला आहे, अर्थ माळा. छप्पराच्या लगत असलेली जागा, म्हणजे मूळ अर्थापासून फार लांब नाही.

सगळ्यात गंमत ग्रीकमध्ये झाली आहे. शब्द तिथून निघाला आणि दोनदा परत गेला. आजच्या ग्रीकमध्ये आघात मधल्या अक्षरावर ठेवून 'कमारा' म्हटलं तर कमान. थेसालोनिकी शहरातल्या सम्राट गॅलेरियसच्या कमानीला लोक नुसतं 'कमारा' म्हणतात. आघात पहिल्या अक्षरावर नेला की 'कामरा', म्हणजे खोली, हा लॅटिन-इटालियन वळसा घेऊन घरी आलेला. आणि 'कामेरा' म्हणजे चित्रीकरणाचा कॅमेरा. एकाच शब्दाची तीन वयं एकाच भाषेत शेजारी शेजारी नांदताहेत.

फोटोच्या यंत्राला हे नाव कसं मिळालं? अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक ठेवलं, तर बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. योहानेस केप्लरने 1604 मधल्या आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात याला 'कामेरा ऑब्स्क्युरा' म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. हे नाव त्याचंच. तेव्हा ती खरोखर खोली होती, माणूस आत उभा राहायचा. पुढे 1620 मध्ये इंग्लंडचा राजदूत हेन्री वॉटन लिंझ शहरात केप्लरला भेटला, तेव्हा त्याने केप्लरचा छोटा काळा तंबू पाहिला. तो हवा तिकडे वळवता येई, आत बसून केप्लर बाहेरच्या देखाव्याचं चित्र रेखाटायचा. वॉटनने फ्रान्सिस बेकनला पत्र लिहून त्याचं वर्णन कळवलं. खोलीचा तंबू झाला, तंबूची पेटी झाली, 1839 मध्ये दागेरची छायाचित्रणाची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाल्यावर पेटीत उमटलेली प्रतिमा टिकवता येऊ लागली. इंग्रजीने 'ऑब्स्क्युरा' गाळून नुसतं 'कॅमेरा' ठेवलं आणि आपण तो तिच्याकडून घेतला.

खुद्द रोमान्स भाषांनी मात्र या यंत्राला सरसकट कामेरा म्हटलेलं नाही, आणि अनुवादकाची फसगत नेमकी इथेच होते. फ्रेंच माणूस फोटोच्या कॅमेऱ्याला 'आपारेय फोतो' म्हणतो. 'कामेरा' हा शब्द तो चित्रपट किंवा व्हिडिओच्या यंत्रासाठी राखतो, आणि तो त्याने इंग्रजीकडून परत घेतलेला आहे. इटालियनमध्ये 'माक्किना फोतोग्राफिका' किंवा 'फोतोकामेरा', आणि व्हिडिओसाठी 'तेलेकामेरा'. नुसतं 'कामेरा' म्हटलं की इटालियन माणसाच्या डोळ्यासमोर झोपायची खोली येते. म्हणून तिथल्या गावांत खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांवर 'कामेरे', म्हणजे खोल्या, अशी पाटी असते. स्पॅनिशमध्ये उलट आहे. 'कामारा' म्हणजे फोटोचा कॅमेरा, संसदेचं सभागृह, शीतगृहाचं दालन, पण राहायच्या साध्या खोलीला आज कोणी कामारा म्हणत नाही, तिथे 'आबितासिऑन' किंवा 'क्वार्तो' चालतं. सायकलच्या टायरमधल्या ट्यूबच्या बाबतीत मात्र चारही मोठ्या भाषांचं एकमत आहे: फ्रेंच 'शांब्र आ एर', इटालियन 'कामेरा दारिया', स्पॅनिश 'कामारा दे आइरे', पोर्तुगीज 'कामरा द आर'. सगळ्यांचा शब्दशः अर्थ हवेची खोली.

जुन्या स्पॅनिश मजकुरात आणखी सावध राहावं लागतं. गोयाला 1789 मध्ये 'पिंतोर दे कामारा' हे पद मिळालं आणि 1799 मध्ये तो त्यातला पहिला, म्हणजे प्रमुख झाला. इथे कामारा म्हणजे राजाचं अंतर्गत दालन, म्हणून मराठीत 'राजदरबारी चित्रकार' हेच बरोबर. जुन्या वैद्यकीय लिखाणात 'कामारास' असं अनेकवचन आलं तर तो अतिसार असतो. 'कामारिया' म्हणजे छोटी खोली, पण 1814 मध्ये गादीवर परतलेल्या सातव्या फर्नांडोभोवती जमलेल्या मर्जीतल्या मंडळींमुळे या शब्दाला राजाच्या कानाशी लागलेल्या टोळक्याचा अर्थ चिकटला, आणि त्या अर्थाने तो युरोपभर गेला.

पोर्तुगीजमधला घोळ सगळ्यात मोठा, आणि गोव्याची कागदपत्रं वाचणाऱ्यांनी तो नीट लक्षात ठेवावा. पोर्तुगालमध्ये 'कामरा म्युनिसिपाल' म्हणजे नगरपालिका, आणि 'प्रेसिदेन्त द कामरा' म्हणजे महापौर. ब्राझीलमध्ये महापौराला 'प्रेफेइतु' म्हणतात, आणि 'प्रेसिदेन्त द कामरा' हे शब्द राष्ट्रीय बातम्यांत आले तर तो 513 सदस्यांच्या कनिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष असतो. शब्द तेच, पद पार वेगळं. गोवा 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने घेतल्यावर शहराचा कारभार लिस्बनच्या धर्तीवर 'सेनादु द कामरा'कडे गेला, आणि पुढे तिसवाडी, बार्देश, सासष्टी अशा महालांच्या नगरपालिका 'कामरा म्युनिसिपाल' याच नावाने चालल्या. अशा कागदात 'कामरा' दिसला की 'खोली' लिहू नये आणि 'सभागृह'ही लिहू नये. नगरपालिका लिहावं.

हिंदी-उर्दूतला 'कमरा' पोर्तुगीज 'कामरा'पासून आला. उत्तरेकडे त्याने जुन्या 'कोठरी'च्या शेजारी जागा मिळवली. मराठीने चावी, पगार, लिलाव, बिजागरी, पाव असे कितीतरी पोर्तुगीज शब्द पोटात घेतले, पण राहायच्या जागेसाठी 'खोली' सोडली नाही. कमरा आपल्याला कळतो तो बहुतेक हिंदीमुळे.

'कॉम्रेड'ही याच घरातला. स्पॅनिश 'कामारादा' हा आधी समूहवाचक शब्द होता: एका खोलीत एकत्र राहणाऱ्या, जेवणाऱ्या, झोपणाऱ्या सैनिकांचा जथा. सोळाव्या शतकात तो त्या जथ्यातल्या एकेका माणसाला लागला. तिथून फ्रेंच 'कामाराद', तिथून इंग्रजी 'कॉम्रेड', आणि तिथून गिरणगावात कॉम्रेड डांगे. इटलीत मात्र या शब्दाला अगदी उलटा रंग आहे. तिथे 'कामेराता' हे संबोधन मुसोलिनीच्या फासिस्टांनी उचललं, म्हणून डावे एकमेकांना 'कोंपान्यो' म्हणतात. त्यातला 'पान' म्हणजे लॅटिन 'पानिस', भाकरी, तोच आपल्या पावातला. एकाच्या नावात एकत्र झोपणं, दुसऱ्याच्या नावात एकत्र खाणं. इटालियन राजकीय मजकुराचा अनुवाद करताना दोन्हींसाठी 'कॉम्रेड' लिहिलं तर अनर्थ होईल.

आता मूळ प्रश्नाकडे. युरोपातल्या न्यायालयांच्या भाषेत 'खोलीत' हा प्रयोग जुना आहे. इटालियन न्यायाधीश आजही 'इन कामेरा दि कोन्सिल्यो' बसतात, म्हणजे विचारविनिमयाच्या दालनात. पण लोकांना बाहेर ठेवून चालवलेल्या सुनावणीला इटालियन 'आ पोर्ते क्यूझे' म्हणतात, स्पॅनिश 'आ पुएर्ता सेर्रादा', फ्रेंच 'आ उई क्लो'. तिन्हींचा अर्थ बंद दाराआड. इंग्रजी कायद्याने मात्र लॅटिन 'इन कॅमेरा' तसंच ठेवलं आणि ते आपल्याकडे आलं. 1983 च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 327 मध्ये बलात्काराचे खटले इन कॅमेरा चालवण्याची तरतूद झाली. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यातही दोघांपैकी एका पक्षाने मागणी केली तर तशी सुनावणी घ्यावी लागते. उद्देश पीडितेची आणि कुटुंबाची खाजगी बाब चव्हाट्यावर येऊ नये, हा.

मराठी बातम्यांत मात्र या शब्दाने दुसरंच रूप घेतलं आहे. 'इन कॅमेरा शवविच्छेदन', 'इन कॅमेरा पंचनामा' असं छापून येतं, तिथे अर्थ असतो चित्रीकरण करून केलेला. म्हणजे एका प्रयोगात कोणी पाहू नये हा हेतू, आणि दुसऱ्यात नंतर सगळ्यांना पाहता यावं हा. भाषेत असं होतं, आणि लोकांनी वापरलेला अर्थ चुकीचा म्हणून मी खोडणार नाही. पण एकाच पानावर दोन बातम्या असतील तर वाचणाऱ्याचा गोंधळ होतो, आणि विषय एखाद्या बाईच्या साक्षीचा असेल तर तो गोंधळ साधा राहत नाही. आपली साक्ष चित्रित होणार या भीतीने कोणी मागे फिरू नये. म्हणून सुनावणीसाठी 'बंद दाराआड' आणि शवविच्छेदनासाठी 'चित्रीकरणासह' असं सरळ लिहावं, असं माझं ठाम मत आहे. दोन्ही शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत.

राहिली कंबर. अवेस्तात 'कमरा' म्हणजे कमरेचा पट्टा, आणि त्याच वंशातून फारसी 'कमर' आली. पट्टाही वाकलेला, कमानही वाकलेली, म्हणून ग्रीक 'कमारा'चं आणि याचं मूळ एक असावं असं काही अभ्यासकांनी सुचवलं आहे. अर्थाच्या अंगाने ते पटण्यासारखं आहे, पण ग्रीक शब्दाचं मूळच अनिश्चित असल्याने खात्रीने सांगता येत नाही. काही शब्द मात्र दिसायला सख्खे असूनही या कुळातले मानू नयेत. स्पॅनिश-पोर्तुगीज 'कामा', म्हणजे पलंग, खोलीत असतो म्हणून कामारापासून आला असं वाटतं, पण तो वेगळा शब्द आहे आणि त्याची व्युत्पत्ती अजून अंधारात आहे. 'कामारॉन' म्हणजे कोळंबी, तिचं मूळ लॅटिन 'कम्मारुस', एक कवचधारी जलचर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज खलाशांना एका नदीत ती विपुल सापडली, त्यांनी नदीला 'रिउ दुश कामारोंइश', कोळंब्यांची नदी, असं नाव दिलं, आणि त्यावरून कॅमेरून हे देशाचं नाव झालं.